पतधोरण आणि आर्थिक अंदाजांवरचं संशोधन कसं वाचायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, पायरी पायरीने

पतधोरणावरचा, म्हणजे देशाची मध्यवर्ती बँक व्याजदर कसे ठरवते त्यावरचा, रिसर्च पेपर पहिल्यांदा उघडला की बहुतेकांचं असंच होतं, पहिली दोन पानं कळतात, मग समीकरणं सुरू होतात आणि पीडीएफ बंद होते. हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं. कर्जाचा हप्ता, नोकऱ्या, महागाई सगळं या विषयात येतं आणि यातल्या मुख्य गोष्टी समजायला बेरीज, वजाबाकी, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ एवढंच गणित पुरतं, बाकीचं हळूहळू येतं.

एक प्रश्न मात्र आत्ताच लिहून ठेवा, तो जवळजवळ प्रत्येक पायरीवर लागणार आहे: हे त्या दिवशी माहीत होतं का? अर्थतज्ज्ञ आज बसून दहा वर्षांपूर्वीच्या निर्णयाची तपासणी करतो तेव्हा त्याच्या हातात दहा वर्षांनंतरची माहिती असते, निर्णय घेणाऱ्याच्या हातात ती नव्हती. हा फरक ज्याने नीट सांभाळला त्याचा पेपर मी विश्वासाने वाचते, बाकीचे जरा जपून.

पायरी १: अंदाज लागतोच कशाला, ते आधी समजून घ्या

मध्यवर्ती बँक स्वतः ठरवते तो दर अगदी थोड्या मुदतीचा असतो, बँका एकमेकांकडून एका रात्रीसाठी पैसे घेतात त्याच्या आसपासचा. तो वाढला की हळूहळू कर्जं महागतात, बाँडचे यील्ड म्हणजे त्यांवरचा परतावा हलतो, चलनाचा भाव हलतो, कंपन्या नवीन प्लांट पुढे ढकलतात, लोक मोठी खरेदी थांबवतात, आणि हे सगळं झाल्यावर कुठे किमतींची वाढ मंदावते. याला वेळ लागतो, साधारण वर्ष ते दोन वर्षं असं ढोबळमानाने धरतात पण दर वेळी तेवढाच लागेल याची खात्री नाही, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन हेच सांगायचे की हा उशीर लांबही असतो आणि कमी-जास्तही होतो.

आता विचार करा, आज बदललेल्या दराचा परिणाम दीड वर्षाने दिसणार असेल तर आजची महागाई बघून दर ठरवून काय उपयोग, दीड वर्षानंतरची महागाई बघायला हवी आणि ती तर अजून आलेलीच नाही. म्हणून अंदाज. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यानंतर महागाईचं ठरावीक लक्ष्य जाहीर करायची पद्धत सुरू केली, मग ती बऱ्याच देशांनी उचलली. लार्स स्वेन्सन यांनी १९९७ मध्ये मांडलं की अशा व्यवस्थेत महागाईचा अंदाज हाच मधला टप्पा होतो, बँक प्रत्यक्षात स्वतःचा अंदाज लक्ष्यावर आणायचा प्रयत्न करत असते. पतधोरण आणि अंदाज हे दोन विषय एकाच अर्थतज्ज्ञाच्या कामात का सापडतात याचं उत्तर हेच.

पायरी २: पेपर कुठल्या प्रश्नाचा आहे ते ओळखा

यात वेळ घालवू नका, पाच मिनिटांचं काम आहे. बँक दर कसा ठरवते, दर बदलल्यावर काय होतं, आणि पुढे काय होणार, या तीनपैकी एक प्रश्न असतो. सारांश आणि प्रस्तावना वाचून समासात लिहा कुठला ते. कधी कधी दोन एकत्र असतात, तेव्हा मुख्य कुठला ते ठरवा. पद्धत, डेटा, ग्राफ सगळं त्या प्रश्नाप्रमाणे बदलतं, त्यामुळे हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: टेलर रूल एकदा हाताने सोडवा

जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये एक साधं सूत्र दिलं आणि दाखवलं की १९८७ ते १९९२ मधले अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्ह किंवा फेडचे, दर त्याच्या बरेच जवळ जातात. सूत्र असं: महागाई, अधिक २, अधिक महागाई लक्ष्यापेक्षा जितकी जास्त त्याचा अर्धा भाग, अधिक आउटपुट गॅपचा अर्धा भाग. लक्ष्य २ टक्के धरलंय. आउटपुट गॅप म्हणजे अर्थव्यवस्था तिच्या कुवतीच्या किती वर किंवा खाली चाललीय ते, टक्क्यांत.

कागद घ्या. महागाई ४ आणि गॅप उणे १ धरू. ४ अधिक २ झाले ६, लक्ष्यापेक्षा २ जास्त म्हणून अधिक १, झाले ७, गॅपचा अर्धा भाग उणे ०.५, उत्तर ६.५ टक्के. आता महागाई तीच ठेवा आणि गॅप उणे ३ करा, उत्तर येतं ५.५. एक पूर्ण टक्का फरक पडला, कर्जांच्या दुनियेत हा लहान आकडा नाही, आणि तो फक्त गॅपचा आकडा बदलल्यामुळे पडला.

इथेच तो प्रश्न येतो. गॅप कोणी मोजपट्टी लावून मोजत नाही, तो अंदाजच असतो, आणि नंतर बदलतो. अथनासिओस ऑर्फनायडिस यांनी २००१ च्या पेपरमध्ये हेच धरलं, त्यांनी टेलर रूलमध्ये आजचे सुधारलेले आकडे न घालता त्या त्या वेळी फेडसमोर असलेले आकडे घातले, आणि सूत्र जो दर सुचवत होतं तो बराच बदलला. पुढे १९७० च्या दशकाबद्दलही त्यांनी म्हटलं की उत्पादकता मंदावलीय हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे अर्थव्यवस्था कुवतीच्या फार खाली चाललीय असं वाटत राहिलं आणि दर कमी राहिले. त्या दशकातल्या महागाईचं कारण नेमकं हेच का यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहे. पण तुम्ही आत्ता ६.५ आणि ५.५ काढलेत ना, तोच मुद्दा त्यांनी खऱ्या आकड्यांवर दाखवला.

पायरी ४: डेटाची तारीख बघा, म्हणजे दोन्ही तारखा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा सुटते. आकड्याला दोन तारखा असतात, तो कुठल्या तिमाहीचा आहे आणि तो कधी जाहीर झाला. दुसरीला व्हिंटेज म्हणतात.

एक उदाहरण जवळून बघू. २००८ ची शेवटची तिमाही, अमेरिकेचा जीडीपी, वार्षिक दराने. जानेवारी २००९ च्या शेवटी पहिला आकडा आला, उणे ३.८ टक्के. एक महिन्याने तीच तिमाही उणे ६.२ झाली. पुढच्या काही वर्षांच्या सुधारणांमध्ये ती उणे ८ च्याही खाली गेली. तिमाही तीच, तेव्हा बंद पडलेल्या कंपन्या त्याच, गेलेल्या नोकऱ्या त्याच, पण जानेवारीत निर्णय घेणाऱ्यांसमोर जो कागद होता त्यावर घसरण निम्म्याहूनही कमी दिसत होती. आज कोणी सुधारलेला आकडा घेऊन म्हणाला की माझ्या मॉडेलने २००९ च्या सुरुवातीलाच संकटाची खोली ओळखली असती, तर त्याला विचारा, मॉडेलला कुठल्या दिवशीचा आकडा खायला घातलात?

अशा जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात आणि फुकट मिळतात. फिलाडेल्फिया फेडकडे डीन क्रूशोर आणि टॉम स्टार्क यांनी उभा केलेला रिअल-टाइम डेटासेट आहे, सेंट लुईस फेडकडे फ्रेड या आकडेवारीच्या साइटच्या जोडीला जुन्या आवृत्त्यांची आल्फ्रेड आहे. तिथलं शीट उघडलंत की आडव्या ओळीत तिमाह्या आणि उभ्या कॉलममध्ये जाहीर झाल्याच्या तारखा दिसतील, एका ओळीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे जा आणि एकच आकडा कसा बदलत गेला ते बघा. दहा मिनिटं हे करा, मी कितीही लिहिलं तरी त्याची बरोबरी होणार नाही. डाव्या बाजूला बरेच रिकामे चौकोन दिसतील, ते चुकून राहिलेले नाहीत, त्या तारखेला ती तिमाही उजाडलीच नव्हती.

अजून दोन गोष्टी. सगळे आकडे सारखे बदलत नाहीत, ग्राहक महागाईचा मूळ निर्देशांक (हंगामी फेरबदल न केलेला) फारसा बदलत नाही, जीडीपी बदलतो, आणि आउटपुट गॅप सगळ्यात जास्त. गॅपची अडचण अशी की कच्चा डेटा एकही दशांश बदलला नाही तरी गॅप बदलतो, कारण आकड्यांचा लांबचा कल हीच कुवत धरून गॅप काढतात, आणि तो कल काढणारी पद्धत आकड्यांच्या मालिकेच्या टोकाला कमजोर असते, पुढची दोन वर्षं दिसल्यावरच तिला कळतं की मधे वळण होतं का. आणि धोरण ठरवणारा तर कायम टोकालाच उभा असतो. मी पहिला सराव केला तेव्हा सगळा सुधारलेला डेटा घेतला होता आणि निकाल फार छान आला, मग व्हिंटेज डेटा लावला आणि तो निकाल जवळजवळ नाहीसा झाला, वाईट वाटलं पण ते लवकर झालं हे बरं झालं.

पायरी ५: दर वाढला म्हणून झालं, की होणार होतं म्हणून दर वाढला

गाडी चढाला लागली की ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो आणि स्पीड तेवढाच राहतो. बाहेरून फक्त पॅडल आणि स्पीडोमीटर बघणारा म्हणेल पॅडलचा स्पीडशी काही संबंधच नाही. मध्यवर्ती बँकेचं तसंच आहे, महागाई येताना दिसली म्हणून ती दर वाढवते, त्यामुळे नुसता दर आणि नुसती महागाई शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही, उलट कधी कधी चुकीचंच सिद्ध होतं.

आणि तसं झालंही. ख्रिस्तोफर सिम्स यांनी १९८० मध्ये वेक्टर ऑटोरिग्रेशन म्हणजे व्हीएआर ही पद्धत मांडली, यात काही मालिका एकत्र घेऊन प्रत्येकीला सगळ्यांच्या जुन्या आकड्यांवरून समजावतात, अंदाजासाठीही ती खूप वापरतात. पण साध्या व्हीएआरमध्ये दर वाढवला की किमती वाढताना दिसायच्या! याला प्राइस पझल असं नाव पडलं. सिम्स यांनी १९९२ मध्ये याचं एक कारण सुचवलं, बँकेकडे येणाऱ्या महागाईची अशी माहिती असते जी मॉडेलमध्ये नाही, म्हणून कमोडिटीच्या (तेल, धातू, धान्य अशा कच्च्या मालाच्या) किमती मॉडेलमध्ये घाला, आणि घातल्यावर पझल बरंच कमी झालं. म्हणजे परत तोच प्रश्न, त्या दिवशी बँकेला काय माहीत होतं.

मग खरा परिणाम कसा काढायचा? दरातला असा भाग शोधायचा जो अर्थव्यवस्थेच्या अंदाजामुळे आलेला नाही, त्याला शॉक म्हणतात. दोन रस्ते तुम्हाला सारखे भेटतील. क्रिस्टिना रोमर आणि डेव्हिड रोमर यांनी २००४ मध्ये फेडच्या बैठकांसाठी कर्मचाऱ्यांनी बनवलेले आतले अंदाज घेतले, ते २०१० पर्यंत ग्रीनबुक नावाने ओळखले जायचे आणि साधारण पाच वर्षांनी खुले होतात, आणि दरातल्या बदलातून त्या अंदाजांनी समजावता येणारा भाग वजा केला, उरला तो शॉक. दुसरा रस्ता बाजाराचा, केनेथ कट्नर यांनी २००१ मध्ये फेड फंड्सच्या फ्युचर्सचे, म्हणजे फेडच्या एका रात्रीच्या दरावर पुढच्या तारखेसाठी होणाऱ्या सौद्यांचे, भाव वापरले, निर्णयाच्या दिवशी भाव जितका हलला तितकंच लोकांना अनपेक्षित होतं, बाकी आधीच धरलेलं होतं. पुढच्या कामांत भाव मोजायची ही खिडकी एका दिवसावरून अर्ध्या तासावर आली, घोषणेच्या १० मिनिटं आधीपासून २० मिनिटं नंतरपर्यंत, म्हणजे मधे दुसरी बातमी शिरायला जागाच कमी.

दुसऱ्या रस्त्याचीही अडचण आहे, बँकेने अनपेक्षित दर वाढवला की काही लोक म्हणतात अरे यांना अर्थव्यवस्था मजबूत दिसतेय वाटतं, आणि स्वतःचे अंदाज वर नेतात. मग तो शॉक धोरणाचा की माहितीचा? एमी नाकामुरा आणि योन स्टाइनसन यांचा २०१८ चा पेपर याच गुंत्यावर आहे. नव्या माणसाने एवढं करावं, पेपरमध्ये शॉक शब्द आला की थांबून लिहावं की यांनी शॉक कुठून आणला आणि त्यात कोणाची कुठली माहिती अजून शिल्लक असू शकते.

पायरी ६: ग्राफ वाचा

इम्पल्स रिस्पॉन्स नावाचा ग्राफ येणारच. आडव्या अक्षावर महिने किंवा तिमाह्या, शून्यावर दर बदलला, रेष म्हणजे सरासरी परिणाम, भोवतीचा पट्टा म्हणजे अनिश्चितता. चार गोष्टी तपासा. शॉक केवढा आहे, एक टक्क्याचा की एका स्टँडर्ड डेव्हिएशनचा (आकडे सरासरीपासून साधारण जेवढे हलतात तेवढा). उभ्या अक्षावर किमतींची पातळी आहे की महागाईचा दर, यात फार जण घोळ करतात. पट्टा ६८ टक्क्यांचा आहे की ९० चा, कारण ६८ चा पट्टा अरुंद असतो आणि निकाल खात्रीचा वाटायला लागतो. आणि पट्ट्यात शून्याची रेष येते का. हा ग्राफ व्हीएआरमधून काढलाय की ऑस्कर जोर्डा यांच्या २००५ च्या लोकल प्रोजेक्शन पद्धतीने ते खाली लिहिलेलं असतं, दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक महिन्यासाठी वेगळं रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसरा समजावणारं समीकरण) चालवतात म्हणून रेष जास्त खडबडीत दिसते, ती चूक नाही.

पायरी ७: अंदाजाची गाठ आधी सगळ्यात साध्या अंदाजाशी घाला

मॉडेल किती भारी आहे ते बाजूला ठेवा, एकच विचारा, "उद्या आजच्यासारखंच असेल" एवढंच म्हणणाऱ्याला ते हरवतं का. हे पण हाताने करू. समजा पाच वर्षांची महागाई ४, ५, ७, ६, ३ आहे. साधा अंदाज दुसऱ्या वर्षापासून ४, ५, ७, ६ असा होईल, चुका १, २, उणे १, उणे ३, वर्ग केले तर १, ४, १, ९, बेरीज १५, सरासरी ३.७५, वर्गमूळ साधारण १.९४. आता एका मॉडेलने ४.५, ५.५, ६, ५ सांगितले होते असं धरा, चुका ०.५, १.५, ०, उणे २, वर्गांची बेरीज ६.५, सरासरी १.६२५, वर्गमूळ साधारण १.२७. १.२७ ला १.९४ ने भागा, ०.६६ च्या जवळ, म्हणजे मॉडेलची चूक साध्या अंदाजापेक्षा एक तृतीयांशाने कमी. पेपरमधल्या मोठ्या टेबलांत असतं ते हेच गुणोत्तर, १ च्या खाली म्हणजे मॉडेल जिंकलं.

पण चार वर्षांत जिंकणं हा योगायोगही असू शकतो, म्हणून फ्रान्सिस डीबोल्ड आणि रोबेर्टो मारियानो यांनी १९९५ मध्ये दिलेली चाचणी लावतात, फरक खरा आहे की नशिबाचा ते बघायला. आणि मॉडेलचे आकडे बसवताना ती चार वर्षं वापरलेली नसावीत, याला आउट-ऑफ-सॅम्पल म्हणतात. आधीच बघितलेल्या पेपरमध्ये मार्क्स मिळवण्याला परीक्षा म्हणत नाहीत.

साध्या अंदाजाला कमी लेखू नका. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ मध्ये दाखवलं की चलनाच्या दरांचे तेव्हाचे नावाजलेले मॉडेल कमी मुदतीत "आजचाच दर उद्या" याला हरवू शकत नव्हते. अँड्र्यू ॲटकेसन आणि ली ओहॅनियन यांनी २००१ मध्ये अमेरिकेच्या १९८४ नंतरच्या महागाईबद्दल तेच सांगितलं, गेल्या वर्षाची महागाई हाच पुढच्या वर्षाचा अंदाज धरा, फिलिप्स कर्व्हवाले, म्हणजे बेरोजगारीवरून महागाई सांगणारे, मॉडेल त्यापेक्षा चांगलं करत नव्हते. याचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं, बँक काम नीट करत असेल तर महागाई लक्ष्याच्या आसपास राहते, मग अंदाज करण्यासारखं हलणारं काही उरतच नाही, चढावरच्या त्या गाडीसारखं.

पायरी ८: एका आकड्यावर थांबू नका, अंदाजाची अट शोधा

बँक ऑफ इंग्लंडने १९९६ पासून महागाईचा अंदाज पंख्यासारख्या आकृतीत द्यायला सुरुवात केली, मधे गडद, कडेला फिकट, पुढे पुढे रुंद होत जाणारा. रुंदी म्हणजेच संदेश, आम्हाला एवढी खात्री नाही असं बँक उघड सांगते. ९० टक्क्यांचा पट्टा म्हणत असाल तर दहापैकी साधारण नऊ वेळा खरा आकडा आत पडायला हवा, जुने पंखे काढून मोजता येतं, हा नव्या माणसासाठी छान सराव आहे. फेडचे माजी अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी या बँकेच्या अंदाजपद्धतीची तपासणी करून एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात हे पंखे बंद करून वेगवेगळ्या परिस्थितींची चित्रं द्या अशी शिफारस आहे. परिस्थितींची चित्रं सामान्य माणसाला जास्त कळतील हे पटतं, पण पंख्याची चूक मोजता येत होती आणि परिस्थितीची मोजणं अवघड, ही किंमत मला मोठी वाटते.

अट शोधणं म्हणजे काय, तर अंदाज करताना पुढचा व्याजदर काय धरलाय ते बघणं. काही बँका बाजाराला अपेक्षित दर धरतात, न्यूझीलंड, नॉर्वे, स्वीडनच्या बँका स्वतःचा दराचा मार्ग छापतात. दर तोच राहील असं धरून केलेला अंदाज ५ होता, बँकेने घाबरून दर वाढवला आणि महागाई ३ आली, तर अंदाज चुकला म्हणायचं का? नाही, अट मोडली. अट न बघता बँकेला चुकीचं ठरवणारं लिखाण फार दिसतं आणि ते अन्यायाचं आहे. तसंच उलटही, २०२१ मध्ये बऱ्याच बँकांनी महागाई लवकर उतरेल असं धरलं आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेची ग्राहक महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, ऑक्टोबर २०२२ मध्ये युरो क्षेत्राची १०.६ वर. एवढी चूक फक्त अटीवर ढकलता येत नाही, तिथे पुरवठ्याचे धक्के, युद्धामुळे भडकलेली ऊर्जा आणि मागणी या तिन्हींचा हिशोब मागायलाच हवा.

पायरी ९: पहिला स्वतःचा सराव

महिनाभराचा वेळ ठेवा, रोज अर्धा तास पुरतो. एकच देश, एकच मालिका, महागाई घ्या, कारण ती कमी बदलते आणि व्हिंटेजचा त्रास सुरुवातीला कमी होतो. एक्सेल चालेल, पुढे आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. आधी साधा अंदाज, मग मागच्या काही महिन्यांच्या आकड्यांवरचं छोटं रिग्रेशन, मग त्यात व्याजदर घालून बघा सुधारणा होते का, बहुतेक वेळा फारशी होत नाही आणि त्याचं कारण पायरी ५ मध्ये आहे. अमेरिका घेतलीत तर व्यावसायिक अंदाज करणाऱ्यांचा सर्व्हेही तुलनेला घ्या, तो १९६८ पासून चालू आहे, १९९० पासून फिलाडेल्फिया फेड चालवते आणि जुने सगळे अंदाज त्या त्या तारखेसह मिळतात. बऱ्याचदा हा सर्व्हे तुमच्या मॉडेलला हरवेल, नाउमेद होऊ नका, तो मोठमोठ्या मॉडेललाही हरवतो.

आणि एक फाइल आजच उघडा. पहिल्या कॉलममध्ये आजची तारीख, दुसऱ्यात पुढच्या बारा महिन्यांच्या महागाईचा तुमचा अंदाज, तिसऱ्या-चौथ्यात खालची आणि वरची मर्यादा, दहापैकी आठ वेळा खरी ठरावी एवढी रुंद, पाचव्यात व्याजदर काय धरलाय ते, सहाव्यात एका ओळीत कारण. वर्षाने पहिला जाहीर झालेला आकडा सातव्या कॉलममध्ये टाका, सुधारलेला आला की आठव्यात, आणि पहिले सहा कॉलम लॉक करून ठेवा.